राही हत्ती बघून येते

देवरूखपासून तीन मैलांवर, नदीच्या पलीकडे, खोलवाडी म्हणून पंचवीस-तीस घरांची वाडी आहे. त्या वाडीत सदूची बायको राही हिला सगळे मागून 'बघी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. कुठे काही नवीन आलं, उभं राहिलं, कोसळलं, की हातातलं काम कसंबसं आवरून राही बघायला निघालीच म्हणून समजावं. देवरूखच्या रस्त्यावर पहिल्यांदा डांबर पडलं तेव्हा ती रोडरोलर बघायला गेली आणि अख्खी दुपार गटाराच्या कडेला बसून राहिली. कुणा मंत्र्याचं हेलिकॉप्टर मैदानात उतरलं, तेव्हा त्याच्या वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा गवताचा भारा उधळला. भारा तिथेच टाकून ती पुढे धावली. अंजनवेलला मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. अक्षता पडल्या न पडल्या तोच ही बाई दीपगृह बघायला गेली ती पंगत उठल्यावर परत आली, आणि उरलेल्या भातावर आमटी घेऊन जेवताना जिने किती, काच केवढी, हेच सांगत बसली.

सांगणं हे तर तिचं बघण्याहून मोठं काम. नवरा मुंबईला बुकबाइंडिंगच्या कारखान्यात; वर्षातून दोनदा यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. मूलबाळ नाही. घरात ऐंशीचा सासरा बाबल्या, थोरली जाऊ मालन आणि तिची माणसं. बाबल्याचे गुडघे गेले होते, ओटीवरून घरापुढच्या खळ्यात उतरायचं तरी दोघांचा हात लागे. पण वाडीबाहेरचं जग त्याला नातवंडांपेक्षा जास्त माहीत होतं, कारण राही सगळं आणून त्याच्यापुढे ओतायची. रोडरोलर सांगताना ती स्वतः खळ्यात मागेपुढे चालायची, गाल फुगवून धुरांड्याचा आवाज काढायची. ऐकून झालं की म्हातारा मान हलवून म्हणे, "राहीनं बगितलान, म्हंजे आमी बगितला."

हे वेड तिला लागलं कधी, तेही सांगायला हवं. राहीचं माहेर पालीजवळचं. ती आठेक वर्षांची असताना, ऐन श्रावणात, बैरागी लोकांचा एक तांडा हत्ती घेऊन गावावरून गेला. हत्ती आला, हत्ती आला, असं ओरडत सगळा गाव रस्त्याला धावला. राहीची आईसुद्धा धावली. जाताना मात्र तिनं पाळण्याची दोरी राहीच्या हातात दिली. "रामाला सोडून हलू नको हां, मी आलीच." रामा म्हणजे राहीचा तान्हा भाऊ. राही पाळणा हलवत बसली. लांबून घंटा वाजत आली, घराच्या मागच्या बाजूनं वाजत गेली, आणि लांब लांब होत थांबली. आई आली तोवर हत्ती ओढ्यापल्याड गेला होता. राहीला बघायला मिळाला तो शेताच्या बांधावर उमटलेला एक पाय. त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. दोन्ही पाय जुळवून ती त्या पाण्यात उभी राहिली, तरी भोवती जागा उरलीच.

पुढे सहा महिने गावात दुसरं बोलणं नव्हतं. सोंड अशी होती, डोळे असे होते. राहीनं मध्ये तोंड घातलं की कुणीतरी म्हणायचंच, "तू खंय बगितलास गो?" तेव्हापासून तिनं ठरवलं असावं, की पुन्हा कुणी तो प्रश्न विचारता कामा नये. रोडरोलर बघितला, हेलिकॉप्टर बघितलं, दीपगृह बघितलं. हत्ती तेवढा राहून गेला. पन्नाशी आली तरी हत्ती राहिलाच.

शहाऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. वाडीत महिला मंडळ निघालं होतं आणि ते बघणाऱ्या ग्रामसेविका उल्काबाई दर बुधवारी देवरूखहून येत. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, सगळं वहीत टिपून ठेवणाऱ्या. मंडळाची सहल काढायची ठरली. करारावर एसटी घ्यायची, गणपतीपुळ्याला दर्शन, समुद्र, मग रत्नागिरीचा किल्ला. यावर सगळ्या बायका खूश होत्या. तेवढ्यात उल्काबाईंनी पिशवीतून वर्तमानपत्राचं पान काढलं.

"आणखी एक आहे. रत्नागिरीच्या अलीकडे कातळावर एका ट्रस्टची प्राणीबाग आहे ना, तिथे हत्तीसाठी नवीन जागा केली आहे. चार एकर. झाडं, तळं, चिखलाचं कुंड. मध्ये नुसता चर खणला आहे, गज नाहीत. आणि हत्तीला साखळी नाही."

तांदूळ निवडत बसलेल्या राहीचा हात सुपातच थांबला.

"साखळी नाय?"

"नाही."

"मग तो फिरतो?"

"फिरतो म्हणजे काय, राहीबाई, त्याला वाटेल तिथे फिरतो. हत्तीण आहे. हंसा नाव तिचं."

त्या रात्री राहीनं बाबल्याला जेवायला वाढताना आमटीऐवजी पाणी वाढलं. म्हाताऱ्यानं ताटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि विचारलं, "काय आलाय?"

"हत्ती, मामंजी."

"खय?"

"रत्नांग्रीत. रविवारी जात्ये."

रविवार उजाडेपर्यंत तिनं वाडीतल्या प्रत्येक माणसाला दोन-दोनदा सांगून झालं होतं. कोंबडा आरवायच्या आधीच ती नवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून, भाकरीचं गाठोडं घेऊन नदीच्या साकवावर, त्या अरुंद पुलावर, उभी होती. एसटी यायला अजून दीड तास होता.

गाडीत बायकाच बायका. मालन तिच्या शेजारी बसली. देवरूख गेलं, गाणी सुरू झाली, फुगडीची, झिम्म्याची. राहीनं खिडकी सोडली नाही. गणपतीपुळ्याला सुट्टीमुळे रांग देवळाबाहेर वळसे घेत वाळूपर्यंत आली होती. बायकांनी समुद्र बघितला आणि लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात ज्या शिरल्या, त्या उल्काबाईंच्या शिट्टीलाही बाहेर येईनात. राहीनंही समुद्राला नमस्कार केला, दोन लाटा पायावर घेतल्या आणि वाळूत येऊन उभी राहिली. सूर्य डोक्यावरून कलला होता.

"बाई, हत्ती कधी?"

"किल्ला झाला की हत्ती."

किल्ल्यावर भगवतीचं दर्शन झालं, बुरुजावरून बंदर बघून झालं, बांगड्यांच्या दुकानात एक तास गेला. तिथून गाडी निघाली आणि शहराबाहेर चढावावर फट्‌ करून टायर बसला. ड्रायव्हर खाली उतरला, टायरला लाथ मारून बघितलीन आणि म्हणाला, "अर्धा तास."

त्या अर्ध्या तासात राही रस्त्याच्या कडेला बसली नाही की उभी राहिली नाही. गाडीभोवती फेऱ्या मारत होती. शेवटी ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आजी, तुम्ही फिरल्यानं चाक फिरायचं नाय."

"आजी कोण रे? पाना हिकडं दे, मी धरत्ये," राही म्हणाली, आणि खरोखरच तिनं पाना धरला.

प्राणीबागेच्या फाटकाशी गाडी लागली तेव्हा पावणेपाच झाले होते. फाटकावर पाटी होती, साडेपाचला बंद. उल्काबाईंनी हाताला हात धरायला लावून बायकांना आत घेतलं. डाव्या हाताला हरणं होती, पुढे मगरीचं कुंड, मोराचा पिंजरा. मालन मोरापाशी थबकली.

"अगो राही, मोर तरी बग!"

"मोर आपल्या परसात येतत!" राही न थांबता ओरडली. लुगड्याचा काष्टा सावरत ती जवळजवळ पळत होती. वाट विचारायचीही तिला गरज पडली नाही. पुढे लोकांचा घोळका दिसत होता.

जागा मात्र खरंच बघण्यासारखी होती. कातळावर मोटारी भरभरून लाल माती आणून टाकली होती. चिऱ्याचा कमरेएवढा कठडा, त्याच्या पलीकडे खोल चर, आणि चराच्या पलीकडे मोकळं रान. आंब्याफणसाची जुनी झाडं तशीच ठेवलेली, एका बाजूला बांबूचं बेट, मध्ये उतरत गेलेलं तळं आणि तळ्याच्या काठाला लाल चिखलाचं मोठं कुंड. लांब मागे चिऱ्याची उंच शेड. सगळं होतं. हत्ती नव्हता.

"कुठाय?" राहीनं पहिल्या दिसलेल्या माणसाला विचारलं.

त्यानं बांबूच्या बेटाकडे बोट केलं. बेटाची टोकं हलत होती, काड्‌ काड्‌ आवाज येत होता. घोळक्यातली पोरं शिट्ट्या मारत होती, कुणी टाळ्या वाजवत होतं, एकानं शेंगा फेकल्या. तेव्हा खाकी कपड्यातला एक काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस कठड्याच्या कडेनं धावत आला.

"शेंगा फेकू नका म्हणून कितीदा सांगायचा? आणि शिट्ट्या बंद! ती काय तुमची नोकर हाय?"

हा शिवा. पालीचाच. वयाच्या सोळाव्या वर्षी घरातून पळून सर्कशीत गेला होता आणि बत्तीस वर्षं हत्तींबरोबर राहिला होता. सर्कस बुडाली तेव्हा ट्रस्टनं हंसाला आणलं, आणि हंसाबरोबर शिवाही आला. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत बायकोबरोबर राहायचा.

राही त्याच्याजवळ सरकली. "दादा, हाक मारून बगा की. तुमचा ऐकंल ती."

"ऐकंल ना. म्हणून तर मारत नाय." शिवा हसला. "सर्कशीत मी बस म्हटला की बसायची, सलाम म्हटला की सोंड वर. आता जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलानी, हुकूम नाय द्यायचा. तिला वाटंल तवा येईल. ह्यो तिचा घर हाय."

"आणि नाय आली तर?"

"नाय आली तर नाय आली."

राहीनं कठड्याचा चिरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. बांबूतून एकदा सोंडेचं टोक वर आलं, एक फांदी वेटाळली आणि खाली गेलं. सगळा घोळका ओरडला. मालन धापा टाकत येऊन पोचली होती, तिलाही तेवढं दिसलं.

"बगितलास ना? झाला. चल, घंटा देतायत."

"वयनी, शेपूट बगून गाय बगितली म्हणशील?"

घंटा झाली. लोक पांगायला लागले. उल्काबाईंनी शिट्टी फुंकली, फाटकाशी बायकांची मोजणी केली. एक कमी. पुन्हा मोजल्या. एक कमीच. वही मिटून त्या तरातरा मागे आल्या.

"राहीबाई, चला. ड्रायव्हर ओरडतोय. घाटातून अंधार व्हायच्या आत गाडी जायला हवी."

"तुमी व्हा पुढं."

"पुढे म्हणजे?"

"मी नाय येत, बाई."

उल्काबाईंना आधी वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी राहीचा चेहरा बघितला. राहीचे डोळे बांबूच्या बेटावरून हलत नव्हते. मालननं तिचा दंड धरून ओढलं. राही हलली नाही; भाताच्या खाचरात बैल रुतावा तशी ती रुतली होती.

"येडी झालीस? रातची ऱ्हाशील खंय? उद्या येशील कशी? माणसा काय म्हणतील?"

"उद्या देवरूखची गाडी हाय की. मना एसटीत चढता येता."

"राहीबाई, माझ्यावर जबाबदारी आहे," उल्काबाई काकुळतीला आल्या. "तुमच्या सासऱ्यांना मी काय सांगू?"

राहीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवली.

"सांगा, राही हत्ती बगून येत्ये. बाई, एकदा माज्या हातात दोरी दिलानी तवा मी बसली. बेचाळीस वर्सां झाली. आता नाय मी जायची."

कुणाला त्यातलं काही कळलं नाही. पण हे सगळं शिवाची बायको काशी शेडच्या बाजूनं गवताची मोळी घेऊन येताना ऐकत उभी होती. तिनं मोळी खाली टाकली आणि विचारलं, "माहेर खंयचा गो तुजा?"

"पालीच्या खालच्या वाडीतला."

"कोणाची तू?"

राहीनं बापाचं नाव सांगितलं. काशीनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे रामाची भैन! तुज्या चुलतीची भाची मी. अवो बाई," ती उल्काबाईंना म्हणाली, "जावा तुमी बिनघोर. घरातलीच हाय ती. आमच्यात ऱ्हाईल, सकाळी मी गाडीत बसवून देईन."

कोकणात तीन प्रश्नांत नातं निघालं नाही असं होत नाही. उल्काबाईंनी काशीचं नाव वहीत लिहून घेतलं, शिवाचंही लिहून घेतलं, आणि शेवटी शिट्टी खिशात टाकून गेल्या. मालन वळून वळून बघत गेली. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला, मग गिअरचा आवाज, मग तोही चढावाच्या पलीकडे गेला. आपण हे काय करून बसलो? आयुष्यात आजवर कुणाला न विचारता ती कधी एक रात्र बाहेर राहिली नव्हती. तिनं तोंडावरून पदर फिरवला आणि पुन्हा कठडा धरला.

फाटक लागलं. बाग रिकामी झाली. पाखरं झाडांवर उतरायला लागली, ऊन तिरपं होऊन लाल मातीवर पसरलं. बांबूचा आवाज थांबला होता.

आणि हंसा आली.

राहीच्या मनात इतकी वर्षं घंटांचा आवाज होता. हत्ती म्हणजे आधी ऐकू येणार आणि मग दिसणार, अशी तिची खात्री होती. पण इथे काही वाजलंच नाही. एवढं मोठं धूड बांबूतून बाहेर पडलं, वाळक्या पाचोळ्यावरून चालत आलं, आणि पाचोळा मांजर चालल्याइतकाही वाजला नाही. आधी कपाळ आलं, मग कान, मग कान संपता संपेनात, मग पाठ. राहीला वाटलं, झालं, आता संपली. तर मागून अजून तेवढीच येत होती.

"आयायायाय!" राही म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. मग तिला हसू फुटलं आणि ते थांबेना. ती कठड्यावर हात आपटत होती, एकाच जागी उड्या मारत होती, पदर खांद्यावरून पडला त्याचंही भान नव्हतं. "दादा, बगा! अवो बगा, आली! काशे, आली गो!"

"बगतंय, बगतंय," शिवा म्हणाला. तो रोजच बघत होता, पण त्या संध्याकाळी तो हत्तिणीपेक्षा राहीकडेच जास्त बघत होता.

हंसा तळ्यावर गेली, सोंड भरभरून पाणी प्याली. मग चिखलाच्या कुंडाशी आली. पुढचा एक पाय आत घालून बघितलान. मग दुसरा. मग गुडघे टेकले, आणि धबाक्‌! कुशीवर पडून तिनं असा लोळ घेतला की चिखलाची लाट काठावर चढली. चारी पाय हवेत. राहीनं जन्मभर लावणीच्या दिवसांत चिखल तुडवला होता. चिखलात कंबर मोडते हे तिला ठाऊक होतं. चिखलात इतकं सुख असतं हे ती आज बघत होती. उठून उभी राहिली तेव्हा हत्तीण काळी उरली नव्हती, कातळावरच्या मातीसारखी लालबुंद झाली होती.

"आली तवा अशी नव्हती," शिवा कठड्याला टेकून सांगायला लागला. "तिला आणली, पायातली साखळी काडली, आमी सगळी लांब झालो. आता पळंल, आता पळंल म्हणून बगत ऱ्हायलो. तर बाय हलंना! साखळीएवढ्या गोलात फिरायची आणि थांबायची. पायात कायच नाय, तरी तेवढीच. वीस दिवस. मी चरात बसून रडलो, खोटा कशाला सांगू? एकविसाव्या दिवशी सकाळी बगतो, तर गोलाच्या भायर एक पाऊल. नुसता एकच. मग दुसऱ्या दिवशी थेट तळ्यात."

राही ऐकत होती. तिचं हसणं थांबलं होतं आणि डोळे भरले होते.

हंसा चराच्या काठाशी आली. सोंड लांब करून तिनं या नव्या बाईचा वास घेतला. मग खालची माती सोंडेत घेऊन पाठीवर भुर्रकन उडवली. वारा अलीकडे येत होता. अर्धी माती हंसाच्या पाठीवर पडली आणि अर्धी राहीच्या नव्या लुगड्यावर, केसांत, तोंडात. काशी पाणी आणायला धावली.

"नको गो," राही थुंकत, हसत म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हत्तीनं दिलान."

सकाळी शिवानं तिला शेडमध्ये नेलं. तिथे लोखंडी गजांच्या अलीकडून हंसाचे पाय तपासायचे असत. महिन्यातून एकदा तिच्या पुढच्या पायाला दोरी लावून घेर मोजायचा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. "पायाच्या घेराची दुप्पट केली की हत्तीची उंची मिळता," शिवा म्हणाला. "धर टोक."

दोरीचं एक टोक राहीनं धरलं. हंसानं पाय गजाशी आणून टेकला. राहीनं हळूच बोटं लावली. फणसाच्या खोडासारखी खरखरीत कातडी, मध्ये मध्ये राठ केस, आणि आत ऊब. नखं करवंटीएवढी. हंसा वरून बघत होती. डोळा एवढासाच, पण पापण्यांचे केस बोटभर लांब. राहीला तो बांधावरचा पाण्यानं भरलेला पाय आठवला. त्या दिवशी दोरी असती तर! त्या हत्तीचीही उंची तेव्हाच मिळाली असती.

"दादा, ही दोरी मी नेऊ?"

"आणि मी पुढच्या महिन्यात काय वापरू?" शिवा म्हणाला, पण मापाशी गाठ मारून दोरी तिच्या हातात दिलीन.

दुपारच्या गाडीनं राही देवरूखला उतरली आणि चालत निघाली. नदीच्या साकवावर अर्धी वाडी जमली होती. झालं होतं असं, की रात्री उल्काबाईंनी निरोप नीट सांगितला होता, पण तो वरच्या घरांपर्यंत चढता चढता वाढत गेला. पहिल्या घरी राही हत्ती बघायला थांबली होती, पाचव्या घरी राहीला हत्तीनं अडवली होती, आणि शेवटच्या घरी राहीला हत्तीनं सोंडेत धरली होती. मालनचा थोरला तर सदूला मुंबईला तार करायला निघाला होता. बाबल्यानंच त्याला ओरडून थांबवलं.

लाल मातीनं भरलेली राही बघून एका म्हातारीनं कपाळावर हात मारला. "बगा, खरा हाय! लोळवलान हिला!"

राही कुणाशी न बोलता थेट घरी आली. बाबल्या ओटीवर बसला होता. तिनं त्याच्या पाया पडून खाली बघितलं. न विचारता राहिली होती, बोलणी बसणार हे तिनं धरलंच होतं. म्हाताऱ्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बगितलास?"

"बगितला, मामंजी."

"मग उभी काय? सांग."

तेवढ्यात खळं भरलं. साकवावरची माणसं मागोमाग आलीच होती. राहीनं चूळ भरली, घोटभर पाणी प्यायली आणि सुरू केलं. बांबूपासून सुरू केलं, चिखलापर्यंत आली. पण 'केवढा' म्हणून कुणीतरी विचारलं आणि ती अडखळली. हात पसरले, पुरेनात. दारापर्यंत म्हणाली, तर दार ठेंगणं. माडीपर्यंत म्हणाली, तर मागून कुणीतरी खुसखुसलं.

राहीनं कनवटीची दोरी काढली. "ह्यो एक पाय. ह्याच्या दोन की उंची. वयनी, चुलीतली राख आण."

"कालच खळा सारवलाय मी!" मालन ओरडली.

"पुन्ना मी सारवीन. आण."

राहीनं सारवलेल्या खळ्यावर दोरी दोनदा टाकली आणि तिथून तिथपर्यंत राखेची रेघ ओढली. पाठ काढली, पुढे कपाळाचा उंचवटा, मागे शेपूट. पोटाची रेघ ओढता ओढता राख संपली. तेव्हा कुणी न सांगता मालनच दुसरं घमेलं घेऊन आली, आणि चारी पायांना नखंही तिनंच काढली. रेघ पुरी झाली तेव्हा लोक आपोआप दोन पावलं मागे सरले. खुसखुसणाराही सरला.

"आत उभी ऱ्हावा," राही म्हणाली. "बगा किती मावतंत."

पोरं आधी धावली. मग बाया. मग पुरुष, हसत, लाजत. पोटात अकरा माणसं उभी राहिली, तरी सोंड मोकळीच. बाबल्या ओटीवरून हात हलवत होता. दोघांनी त्याला धरून खाली आणलं.

"मना पोटात नको घालू," तो म्हणाला. "पाठीवर बसव."

त्याला पाठीच्या रेघेवर घोंगडी टाकून बसवलं. ऐंशी वर्षांचा म्हातारा तिथे ताठ बसला, आणि त्यानं काठी अंकुशासारखी पुढे धरली.

"हुकूम नाय द्यायचा, मामंजी," राही म्हणाली. "तिला वाटंल तवा चालंल."

"बरा, नाय देत," बाबल्यानं काठी खाली ठेवली. "पण कान खंय हाईत हिचे?"

कान राहिलेच होते. राहीनं पडवीत धाव घेतली, भिंतीवरची दोन सुपं काढली, शेजाऱ्यांची दोन मागून घेतली. कपाळाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन जोडून मांडली, लांब होऊन बघितलं, मान हलवली. मग तिला राहवलं नाही. दोन सुपं उचलून तिनं स्वतःच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना धरली, वाकली, आणि हंसाचे कान कसे हलतात ते दाखवत खळ्याभोवती, पाचोळाही वाजणार नाही अशा पावलांनी चालायला लागली.